जुन्नर, आंबेगाव आणि मिशनच्या शाळा

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील अँग्लिकन संस्थेने १८४६ मध्ये जुन्नर येथे आपले ठाणे उघडले. पश्चिम भारतात या संस्थेचे काम १८२० मध्ये मुंबईत आणि १८३२ मध्ये नाशिकला सुरू झाले होते. जुन्नर हा त्याच साखळीतील पुढचा दुवा. संस्थेच्या इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव ‘जुनीर’ असे लिहिलेले आढळते. आसपासच्या मुलखात तोवर दुसऱ्या मिशनांनीही पाय रोवले होते. पुण्यात जेम्स मिचेल यांच्या पुढाकाराने स्कॉटिश मिशनच्या शाळा चालत होत्या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८४१ मध्ये शिरूरला ठाणे केले होते. या सर्वांच्या कामात शाळेला मोठे स्थान होते. उपदेश ऐकायला न येणारा माणूस मुलाला लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी मात्र मिशनच्या दारात येई, हा अनुभव सगळ्याच मिशनांनी घेतला होता.

शाळा काढणे त्या मानाने सोपे होते. एक खोली, एक पंतोजी आणि थोडी पुस्तके एवढ्यावर ती उभी राही. ती वर्षानुवर्षे चालवणे अवघड होते, आणि त्या अवघडपणाचे मूळ एकट्या धर्मविरोधात नव्हते. मिशनच्या शाळेला तीन ठिकाणांहून आधार लागे: परदेशातील देणगीदार, येथील सरकार आणि मुलांचे पालक. देणगीदारांना धर्मांतरे दिसायला हवी होती, सरकारला परीक्षेतील निकाल हवा होता, आणि पालकांना धर्म न बदलता मिळणारी विद्या हवी होती. या तीन अपेक्षांचा मेळ शहरात कसाबसा बसला. जुन्नर-आंबेगावसारख्या डोंगराळ, रेल्वेपासून दूर राहिलेल्या भागात तो बसवणे फार कठीण गेले.

मुलूख आणि माणसे

जुन्नर हे प्राचीन काळापासून नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरचे गाव. सातवाहनकाळातील लेणी, शिवनेरी किल्ला, निजामशाहीतील वैभव आणि हातकागदाचा धंदा यांमुळे गावाला शहरी वळण होते. तेथे ब्राह्मण, व्यापारी, माळी, मराठा, मुसलमान कागदी अशी मिश्र वस्ती होती. मात्र तालुक्याचा पश्चिम भाग आणि शेजारच्या आंबेगावचा भीमाशंकराकडचा पट्टा हा महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांचा डोंगरी प्रदेश. पूर्वेकडे घोड, मीना आणि कुकडी यांच्या खोऱ्यांतील शेतीची गावे होती. ब्रिटिश अमदानीत आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नव्हता. तो खेड तालुक्यातील पेटा (उपविभाग) होता. घोडेगाव आणि मंचर ही त्यातील मोठी गावे.

मिशनचे ठाणे उघडले तेव्हा हा डोंगरपट्टा अशांत होता. राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांचे बंड १८४४ पासून पेटलेले होते. सावकारांची कर्जवसुली आणि सरकारी जुलूम यांविरुद्धचा तो उठाव जुन्नर, अकोले आणि कोकणच्या घाटमाथ्यावर पसरला होता. राघोजींना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अशा वातावरणात साहेबाच्या वेषातील माणूस, मग तो कलेक्टर असो वा पाद्री, डोंगरातील माणसाला सरकारचाच माणूस वाटे. मिशनरी स्वतःला सरकारपासून वेगळे मानत, पण गोऱ्या कातडीमुळे तो फरक गावकऱ्यांच्या नजरेत टिकत नसे.

दुसरी अडचण वस्तीच्या स्वरूपाची होती. वाड्या विखुरलेल्या, पावसाळ्यात ओढे-नाले तुडुंब, वाटा बंद. मुले गुरे राखत, आवणीच्या दिवसांत शेतात राबत, हिरड्याच्या हंगामात आईबापांबरोबर रानात जात. शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचा मेळ बसत नसल्यामुळे पटावरची मुले आणि प्रत्यक्ष बसणारी मुले यांत नेहमीच अंतर पडे. त्यामुळे मिशनच्या शाळांचे काम डोंगरापेक्षा बाजारपेठेच्या गावांत आणि सपाटीवरच्या महारवाड्यांत अधिक जमले.

पुढे रेल्वेनेही जुन्नरला बगल दिली. मुंबई-पुणे लोहमार्ग १८६० च्या दशकात बोरघाटातून अखंड सुरू झाला आणि नाशिक-मनमाडकडे दुसरा फाटा गेला. या दोन्हींच्या मधला जुन्नर-आंबेगावचा मुलूख तसाच राहिला. मिशनच्या वसतिगृहांची, छापखान्यांची आणि मोठ्या शाळांची वाढ रेल्वेमार्गावरच्या शहरांत झाली. जुन्नर हे आडवाटेचे ठाणे ठरले. तेथला मिशनरी आजारी पडला किंवा मायदेशी गेला, तर त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत काम रेंगाळे.

वर्गातील जात

मिशनच्या शाळेत कोणी कोणाशेजारी बसायचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहिला. मिशनचे तत्त्व सर्वांना एकत्र बसवण्याचे होते. पण ब्राह्मण आणि वाणी मुलांच्या पालकांना महार-मांग मुलांची बाकावरची सोबत नको होती. एकत्र बसवले तर वरच्या जातींची मुले निघून जात आणि त्यांच्याबरोबर फी देण्याची ऐपतही जाई. वेगळे बसवले तर मिशनच्या तत्त्वालाच बाध येई. अनेक ठिकाणी यावर व्यवहारी तोडगा निघाला: गावात एक शाळा, महारवाड्यात दुसरी. त्यामुळे खर्च दुप्पट झाला आणि मिशनच्या शाळांतही जातींची फाळणी कायम राहिली.

सरकारी शाळांची स्थिती यापेक्षा बरी नव्हती. १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला आणि ते प्रकरण मुंबई इलाख्यात गाजले. या प्रसंगाने मिशनच्या शाळेचे महत्त्वही स्पष्ट होते. अस्पृश्य मुलांसाठी दार उघडे ठेवणाऱ्या शाळा त्या काळी मोजक्याच होत्या: मिशनच्या आणि जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांच्या. फुले यांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षण १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आल्यावर त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे काही काळ ते मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिक्षकही होते.

गावगाड्याचा प्रश्न याहून बिकट होता. महार हे वतनदार. गावकी, निरोप्याचे काम, मेलेली गुरे ओढणे या सेवांच्या बदल्यात त्यांना बलुते आणि इनाम जमीन मिळे. मुलगा शाळेत जाऊ लागला की सेवेतील हात कमी होत. कुटुंब ख्रिस्ती झाले की वतनाचा हक्क, विहीर आणि गावातील वावर या सगळ्यांवर गदा येई. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये, अशी तरतूद केली होती. पण कायदा पुस्तकात होता आणि बलुते पाटलाच्या हातात. त्यामुळे शाळेला मूल पाठवण्याचा निर्णय कुटुंबासाठी पोटाचाही प्रश्न असे.

धर्मांतराची धास्ती

मिशनच्या शाळेवरचे मोठे संकट तिच्या यशातूनच येई. एखादा विद्यार्थी ख्रिस्ती झाला की देणगीदार समाधान पावत आणि शाळा ओस पडे. मुंबईत १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील बहुसंख्य मुले पालकांनी काढून नेली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून सनातन्यांशी मोठा वाद झाला. जुन्नरसारख्या ठिकाणी अशा बातम्या पोहोचायला वेळ लागे, पण पोहोचल्यावर त्यांचा परिणाम शहरापेक्षा खोल होई, कारण लहान गावात सर्वजण एकमेकांना ओळखत.

संशयाची ही छाया पुढच्या पिढीतही हटली नाही. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. तेथे उपस्थित असलेल्या लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने छापल्यावर ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. मिशनमध्ये चहा पिण्यावरून एवढे घडत असेल, तर तेथे मुलाला रोज शिकायला पाठवणाऱ्याची स्थिती सहज लक्षात येते. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनावर विद्यार्थिनींना ख्रिस्ती धर्माकडे वळवल्याचा आरोप झाला. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदी सुधारक बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परदेशी देणगीवर चाललेल्या, पण बायबलची सक्ती न करणाऱ्या संस्थेची ही अवस्था झाली. उघडपणे बायबल शिकवणाऱ्या मिशनच्या शाळांना तर ही जोखीम रोजचीच होती.

पैसा कोठून येई

मिशनच्या शाळेचा पहिला आधार परदेशी वर्गणीचा. तिकडच्या मंडळींचे वार्षिक हिशेब, तिथले आर्थिक चढउतार आणि धर्मपंथांतील वाद यांचे पडसाद इकडच्या शाळेवर उमटत. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. मुंबई-पुण्याचे स्कॉटिश मिशनरी नव्या फ्री चर्चमध्ये गेले आणि जुन्या चर्चच्या मालकीच्या इमारती व साहित्य त्यांना सोडावे लागले. वर्ग पुन्हा शून्यातून उभे करावे लागले. येथील विद्यार्थ्यांचा या वादाशी काहीही संबंध नव्हता.

शाळा हे मिशनचे काम आहे का, यावरही मायदेशी मतभेद होते. कलकत्त्याचे मिशनरी अलेक्झांडर डफ उच्च इंग्रजी शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. उलट अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले ते देशी भाषेतील उपदेशावर भर द्यावा आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च थांबवावा, या मताचे होते. त्या भेटीनंतर अहमदनगरची इंग्रजी शाळा बंद झाली. चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचे धोरण देशी चर्चने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे होते. तत्त्व म्हणून ते रास्त असले तरी जुन्नर भागातील ख्रिस्ती समाज लहान आणि गरीब होता. त्याला स्वतःच्या उत्पन्नातून पाळक पोसणे जड जाई. शाळा पोसणे तर आवाक्याबाहेरचे होते.

दुसरा आधार सरकारी अनुदानाचा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना मदत देण्याचे धोरण जाहीर केले. धर्मशिक्षणात सरकार लक्ष घालणार नव्हते. निरीक्षक केवळ लौकिक विषयांची तपासणी करणार होता. मिशनांना हे सोयीचे होते, पण त्याबरोबर अटीही आल्या. अनुदान हवे असेल तर विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घेणे आवश्यक ठरले. महारवाड्यातील शाळा फुकट चालत आणि तेथील पालकांना एक पैसाही जड होता. पुढे मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याची पद्धत आली. निरीक्षक येईल त्या दिवशी जेवढी मुले हजर असतील आणि जेवढी उत्तीर्ण होतील, तेवढी रक्कम. डोंगरातील शाळेत त्या दिवशी आठवडे बाजार किंवा लावणी असली की वर्षभराचे अनुदान बुडे. कमी शिकलेल्या घरांतील मुलांना शिकवायला जास्त श्रम लागत आणि त्या श्रमांचे पैसे मात्र कमी मिळत.

याच काळात सरकार स्वतःच मोठे प्रतिस्पर्धी बनले. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा सेस बसवण्यात आला आणि त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे गेला. त्या पैशांतून मोठ्या गावांत सरकारी मराठी शाळा उघडल्या. शेतकऱ्याने सेस भरलेलाच होता, त्यामुळे त्याला ही शाळा आपल्या हक्काची वाटे. तेथे बायबल नव्हते, आणि सरकारी शाळेच्या दाखल्यावर तलाठ्याची किंवा शिक्षकाची नोकरी मिळण्याची आशा होती. मिशनच्या शाळेतील सवर्ण मुले हळूहळू तिकडे वळली. मिशनच्या वाट्याला प्रामुख्याने ती मुले उरली, ज्यांना सरकारी शाळा ओट्यावर किंवा दाराबाहेर बसवत असे.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे मिशनांनी तक्रार मांडली की शिक्षण खाते स्वतःच्या शाळा वाढवते आणि खासगी शाळांना मदत देण्यात हात आखडता घेते. त्याच आयोगापुढे फुले यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने खासगी प्रयत्नांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. पण खासगी म्हणजे केवळ मिशनरी नव्हे, हेही स्पष्ट केले. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. देशी संस्था हा नवा पर्याय उभा राहिल्यावर मध्यमवर्गाला मिशनच्या शाळेची पूर्वीसारखी गरज उरली नाही.

शिक्षकांची चणचण

सुरुवातीच्या मिशन शाळांत शिकवणारे बहुधा ब्राह्मण पंतोजी असत, कारण मोडी, हिशेब आणि बालबोध लिपी येणारे ख्रिस्ती शिक्षक मिळतच नसत. त्यातून एक विचित्र स्थिती उद्भवली: ज्या धर्मावर विश्वास नाही त्याचे धडे पगारासाठी घोकून घेणारा शिक्षक. त्याला काढावे तर शाळा बंद आणि ठेवावे तर मिशनचा हेतू बाजूला. महारवाड्यातील शाळेत असा शिक्षक जायला तयार नसे, किंवा गेला तरी मुलांपासून अंतर राखून शिकवी.

म्हणून ख्रिस्ती शिक्षक घडवण्याची गरज निर्माण झाली. १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या ख्रिश्चन व्हर्नाक्युलर एज्युकेशन सोसायटीने अहमदनगरला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि तेथून तयार झालेले तरुण निरनिराळ्या मिशनांच्या खेड्यांतील शाळांत जाऊ लागले. या शिक्षकाकडून बरेच काही अपेक्षित असे. तो दिवसा मास्तर, संध्याकाळी भजनांचा प्रमुख, रविवारी उपदेशक आणि गावकऱ्यांच्या भांडणात ख्रिस्ती कुटुंबांचा कैवारी. पगार मात्र सरकारी शिक्षकापेक्षा कमी. हुशार तरुण थोड्या वर्षांत सरकारी शाळा, रेल्वे किंवा मुंबईच्या नोकरीकडे निघून जात. त्यांना घडवण्याचा खर्च मिशनचा आणि फायदा दुसऱ्या मालकाचा, अशी स्थिती होती.

दुष्काळ, वसतिगृहे आणि कामधंद्याचे शिक्षण

१८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मिशनच्या शाळांचे स्वरूप बदलले. अनाथ मुले मोठ्या संख्येने मिशनांकडे आली आणि दिवसाच्या शाळेला वसतिगृहाची जोड मिळाली. वसतिगृहात मुले नियमित शिकत. गुरे, शेत आणि हंगाम यांचा अडथळा उरत नसे. शैक्षणिक दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती, पण अन्न, वस्त्र आणि औषध यांचा खर्च अंगावर पडला. दुष्काळ सरला की परदेशातून येणारा दुष्काळनिधी आटे आणि मुले मात्र तशीच राहत. शिवाय पोटासाठी धर्म बदलल्याचा आक्षेप कायमचा मागे लागला. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना ‘दुष्काळी ख्रिस्ती’ असे हिणवले जाई.

या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. गाव सुटलेले, वतन नाही, जमीन नाही. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ १८५४ मध्ये वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे उद्योग शिकवले जात. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे ठेवण्यात आली होती.   अमेरिकन मराठी मिशननेही शिरूरला आणि अहमदनगरला औद्योगिक शिक्षणाचे प्रयोग केले. त्यांनाही मर्यादा होत्या. कार्यशाळेतील वस्तू बाजारात खपवायला भांडवल आणि व्यापारी दृष्टी लागे, आणि पालकांना मुलगा सुतार होण्यापेक्षा कारकून झालेला हवा असे.

पंथांची चढाओढ आणि युद्धाचा फटका

मिशनांमध्ये एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये, असा अलिखित संकेत होता. तो नेहमी पाळला गेला नाही. १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनच्या अहमदनगर क्षेत्रात अँग्लिकनांची सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल ही संस्था उतरली, आणि १८७८ मध्ये ऑटो वाइसहाउप्ट या जेझुइट पाद्रींनी केंदळ भागात कॅथलिक काम सुरू केले. ते पुढे जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या संगमनेरपर्यंत पोहोचले. एकाच गावात दोन पंथांच्या शाळा उभ्या राहू लागल्या. कमी फी, जादा पगार किंवा शाळेची नवी खोली यांमुळे शिक्षक आणि कुटुंबे इकडून तिकडे जात. त्यामुळे विद्यार्थ्यांना शिस्त लावणेही अवघड झाले, कारण एका शाळेत शिक्षा झालेला मुलगा दुसऱ्या शाळेत सन्मानाने दाखल होई.

पहिल्या महायुद्धाने परदेशी मनुष्यबळावर विसंबण्यातील धोका दाखवून दिला. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक पुणे धर्मप्रांताची सूत्रे जर्मन जेझुइटांकडे होती. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन पाद्रींना स्थानबद्ध केले. त्यासाठीची मोठी छावणी अहमदनगरलाच होती. नंतर त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. पुण्याचे बिशप हाइनरिश ड्योरिंग युरोपात अडकले, त्यांना परत येऊ दिले गेले नाही, आणि १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमाला झाली. शाळा आणि गावोगावची केंद्रे उरलेल्या मोजक्या माणसांनी सांभाळली. देशी पाद्री आणि शिक्षक यांच्या हाती कारभार देण्याची निकड त्यानंतर सर्वच पंथांना जाणवली.

जुन्नरचा स्वतःचा मार्ग

जुन्नर तालुक्यातील शेतकरी समाजाने सुधारणेचा रस्ता मिशनकडून घेतला नाही. १८८० च्या दशकात हा तालुका फुले यांनी सुरू केलेल्या सत्यशोधक चळवळीचे मोठे केंद्र बनला. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे आणि त्यांचे सहकारी यांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्ने लावली. दक्षिणेच्या हक्कावरून ग्रामजोश्यांनी कोर्टात धाव घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जातिव्यवस्थेवर मिशनरी जी टीका करत, तिच्यातील बराचसा भाग सत्यशोधकांनी धर्मांतराशिवाय मांडला. त्यामुळे शिक्षण हवे पण ख्रिस्ती व्हायचे नाही, अशा बहुजन कुटुंबांना आपलीच चळवळ मिळाली. मिशनच्या शाळेचा पाया यामुळे या तालुक्यात आणखी आकुंचन पावला.

विसाव्या शतकात हीच परंपरा शिक्षणसंस्थांच्या रूपाने वाढली. रयत शिक्षण संस्था, पुणे जिल्हा शिक्षण मंडळ, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळ, जुन्नर तालुका शिवनेर शिक्षण प्रसारक मंडळ अशा संस्थांनी गावोगावी माध्यमिक विद्यालये आणि नंतर महाविद्यालये उघडली. जमीन गावाने द्यायची, वर्गणी बाजार समितीने आणि सोसायट्यांनी गोळा करायची, अनुदान सरकारने द्यायचे, असे त्यांचे गणित होते. मिशनच्या शाळेला जे तीन आधार एकमेकांविरुद्ध ओढत होते, ते येथे एका दिशेने चालले.

स्वातंत्र्यानंतर

१९५० च्या संविधानाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० मध्ये दिला. त्याच वेळी अनुच्छेद २८ ने अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण देण्यास मनाई केली आणि अनुच्छेद २९ ने अनुदानित संस्थेत धर्म किंवा जात या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे ठरवले. ब्रिटिश काळात धूसर राहिलेली रेषा आता स्पष्ट झाली. सरकारी पैशांवर चालणारी शाळा ख्रिस्ती व्यवस्थापनाची असू शकते, पण तिचा वर्ग सर्वांचा असतो.

परदेशी मिशनरींचे जाणे त्याच काळात सुरू झाले. नागपूर तेव्हा ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्या राज्याच्या नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनच्या कामावर टीका करणारा अहवाल दिला आणि वातावरण तापले. परदेशी देणग्यांवर १९७६ च्या आणि नंतर २०१० च्या कायद्याने नियंत्रण आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मिशनांच्या मालकीच्या जागा, बंगले आणि शाळा यांचा वारसा कोणत्या विश्वस्त संस्थेकडे, हा प्रश्न त्यातून अनेक ठिकाणी निर्माण झाला आणि वर्षानुवर्षे धर्मादाय आयुक्त व न्यायालये यांच्यापुढे राहिला. इमारतीची मालकी निश्चित नसली की दुरुस्तीला निधी मिळत नाही आणि मान्यतेच्या कागदांवर सही कोणी करायची, यावरच काम अडते.

ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबांची आर्थिक स्थितीही शाळांच्या मुळावर आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना मिळत नाही. अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि नोकरीतील राखीव जागा त्यांच्या वाट्याला येत नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या समाजाला १९९० मध्ये हा दर्जा मिळाला. ख्रिस्ती समाजाला मिळालेला नाही. ज्या समाजासाठी खेड्यांतील मिशनच्या शाळा निघाल्या, त्याच समाजाची फी भरण्याची ताकद त्यामुळे तोकडी राहिली.

डोंगरपट्ट्यात तर मिशनची जागा सरकारनेच घेतली. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयामार्फत आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालतात. निवास, भोजन आणि शिक्षण एकत्र देण्याची ही पद्धत मिशनच्या वसतिशाळेच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, पण तिचा खर्च आदिवासी विकास विभागाच्या अंदाजपत्रकातून भागतो.

पूर्वेकडील सपाटीवर चित्र वेगळे झाले. कुकडी प्रकल्पाची धरणे, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठा यांमुळे पैसा आला आणि इंग्रजी माध्यमाची मागणी वाढली. कॉन्व्हेंट या नावाला पालकांमध्ये वजन असल्याने खासगी संस्थाचालकांनीही ते उचलले. चर्चच्या शाळेला आता स्पर्धा बिगरख्रिस्ती इंग्रजी शाळांशीच करावी लागते. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने शिक्षकांच्या सेवाशर्ती ठरल्या. संचमान्यता, वैयक्तिक मान्यता, वेतनेतर अनुदान यांच्या फायली सांभाळणे हा मुख्याध्यापकाच्या कामाचा मोठा भाग बनला. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर नव्या शाळा अनुदानाची आशा न ठेवताच निघू लागल्या. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशाची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्यामुळे व्यवस्थापनाला मोकळीक मिळाली, पण गरीब मुलांसाठी जागा राखायच्या की नाही हा प्रश्न चर्चच्या स्वतःच्या विवेकावर सोपवला गेला.

मिशनच्या शाळांच्या या इतिहासात टिकून राहिलेल्या आणि लयाला गेलेल्या शाळांतील फरक ठळक आहे. पुण्यातील १८६४ चे बिशप्स स्कूल किंवा १८६७ चे सेंट व्हिन्सेंट्स या शाळा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी निघाल्या, फीवर चालल्या आणि शहरातील वरच्या वर्गाने त्यांना पुढे उचलून धरले. खेड्यांतील मराठी शाळांच्या मागे फी देणारा वर्ग नव्हता. त्यांचे विद्यार्थी गरीब, त्यांचे शिक्षक कमी पगाराचे आणि त्यांचे देणगीदार समुद्रापलीकडचे होते. सरकारने त्याच मुलांना शिकवण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा त्या शाळांचे प्रयोजन संपत गेले. अस्पृश्य मुलांना आणि मुलींना वर्गात बसवण्याचा जो आग्रह त्यांनी धरला, तो पुढे सरकारी धोरणात आणि कायद्यात उतरला. शाळा चालवण्याचा खर्च पेलण्याचा प्रश्न मात्र चर्चपुढे जुन्या स्वरूपातच उभा आहे: फी घेतली तर ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुले बाहेर राहतात, आणि न घेतली तर शिक्षकांचा पगार दुसऱ्याच्या धोरणावर अवलंबून राहतो.